गळ्यात माळ, पाठीवर गाठोडं

(दृश्य: सांकवाळ. उघड्या आकाशापुढे उभी इगर्जीची दर्शनी भिंत.)

आरोग्यमातेच्या इगर्जीची, म्हणजे चर्चची, आता एवढीच भिंत उरली आहे. बाकी सगळं आगीत गेलं. गोव्याहून सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, वेश बदलून गेलेले पाद्री जोसेफ वाझ यांचे वडील याच सांकवाळचे. जन्म मात्र आईच्या गावी, बाणावलीत, २१ एप्रिल १६५१ चा. ५ ऑगस्ट १६७७ रोजी, पाद्री होऊन वर्ष झालेलं असताना, सांकवाळात त्यांनी एक कागद लिहून दिला: आजपासून मी देवमातेचा गुलाम. त्या काळच्या गोव्यात गुलाम घराघरांत होते, विकले जात होते. त्यामुळे या शब्दाचा अर्थ लिहिणाऱ्यालाही ठाऊक होता आणि वाचणाऱ्यालाही.

(दृश्य: जुनं गोवें. टेकडीवरचे अवशेष, भिंतीतून वाढलेली मुळं.)

ही चमत्काराच्या क्रुसाची इगर्ज. इथला क्रूस आता से कॅथेड्रलमध्ये आहे. १६८५ मध्ये या टेकडीवर गोंयकार पाद्रींच्या छोट्या मंडळाची, ओरेटरीची, घडी वाझ यांनी बसवली. युरोपातून आलेले मोठे धर्मसंघ इथल्या माणसाला सहसा आत घेत नसत. या घरातले पाद्री मात्र सगळे इथलेच होते. पुढे जे घडलं ते या एका गोष्टीमुळे शक्य झालं, म्हणून इथे थोडं थांबायला हवं.

१६५८ मध्ये डचांनी सिलोनच्या उत्तरेचं जाफना घेतलं आणि बेटाचा किनारा पोर्तुगिजांच्या हातून गेला. तिथले कॅथलिक पाद्रीविना राहिले. त्याच वर्षी हुकूम निघाला: कॅथलिक पाद्रीला जो घरात लपवील त्याला देहदंड. गोरा पाद्री बंदरावर उतरता क्षणीच ओळखला जाई. सावळ्या अंगाचा, कमरेला फडकं गुंडाळलेला मजूर कोणाच्या डोळ्यांत भरत नसे.

(दृश्य: लोखंडी चिमटा. दोन सपाट तबकं, एकावर कोरलेला क्रूस.)

मजुराचा वेश सोपा. अवघड होतं ते गाठोडं. मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची वेदीवरची उपासना, करायची तर पाव हवा, द्राक्षारस हवा, चषक आणि ताटली हवी, पांढरी फडकी, मेणबत्त्या, प्रार्थनेचं पुस्तक आणि वेदीचा दगड हवा. दगड लहानच, चषक आणि पाव मावतील एवढा. त्यात संतांचे अवशेष बसवलेले असत. यातली एखादी वस्तू झडतीत सापडली तरी वेश उघडा पडणार.

पाव म्हणजे ओस्त. बारीक दळलेलं गव्हाचं पीठ आणि पाणी, एवढंच. मीठ नाही, साखर नाही, खमीर नाही. घावनाच्या पिठाहूनही पातळ कालवायचं. तबकं निखाऱ्यावर तापवायची, मेणाचा हात फिरवायचा, पळीभर पीठ ओतून चिमटा दाबायचा. कडेनं वाफ सुटते. ती थांबली की उघडायचं. तबक जास्त तापलं तर ओस्त तांबूस होते, कमी तापलं तर मधे ओली राहते आणि तिलाच आधी बुरशी धरते. निघालेला पापुद्रा इतका कुरकुरीत असतो की लगेच कापायला घेतला तर तडकतो. म्हणून आधी दमट जागी ठेवून मऊ होऊ द्यायचा, मग गोल कापायचा: पाद्रीसाठी मोठा, लोकांसाठी लहान.

(दृश्य: कापलेल्या ओस्तींची रास. बाहेर पाऊस.)

पावसाळ्यात गोव्यात पापड टिकत नाहीत, तर ओस्त कशी टिकावी? बुरशीनं पाव नासला की त्यावर मिस्सा होत नाही. द्राक्षारसाचंही तसंच. माडाची सूर किंवा काजूची हुर्राक चालत नाही, तो द्राक्षांचाच लागतो, आणि आंबून शिर्का झाला की बाद. म्हणजे पकडलं जाण्याची भीती बाजूला ठेवली तरी गाठोड्यातलं सामान आपोआप संपत, नासत होतं. दूरच्या अनोळखी मुलखात नवा गहू, नवा द्राक्षारस मिळवायला पुन्हा कोणावर तरी विश्वास टाकावा लागणार.

(दृश्य: पायवाट. अनवाणी पावलं.)

पाद्री झाल्यापासूनच वाझ यांनी जोडे सोडले होते. गोव्याहून ते पायी दक्षिणेला निघाले. सोबत जुवांव नावाचा सेवक होता. त्याचं नाव इथे आवर्जून घ्यायचं, कारण एरवी ते राहून जातं. तुतीकोरीनहून होडीनं, वादळात सापडून, १६८७ मध्ये ते पलीकडे सिलोनला पोचले. उपाशी आणि आजारी. वाझ यांना हगवण लागली. एका बाईनं पेज आणून दिली म्हणून जगले, असं चरित्रांत येतं.

जाफन्यात ते दारोदार भीक मागत फिरले, जपमाळ गळ्यात उघडी ठेवून. घरातल्या माणसाची नजर माळेवर थबकली की ओळख पटायची. युक्ती साधी, पण एक चुकीचं दार पुरेसं होतं. पटलेल्या घरात मग रात्री मिस्सा होई आणि उजाडायच्या आत माणसं पांगत. जोखीम त्या घराचीही होती. १६८९ च्या नाताळच्या रात्री धाड पडली. वाझ निसटले. पकडलेल्यांना फटके बसले, काहीजण कैदेतच मेले.

(दृश्य: केळीची बाग. हिरवं पान कापणारा हात.)

१६९२ मध्ये सिलोनच्याच आतल्या भागातल्या कांडीच्या राज्यात वाझ यांना पोर्तुगिजांचे हेर ठरवून बेड्या घातल्या गेल्या. १६९७ मध्ये तिथे देवीची साथ आली आणि दरबारच शहर सोडून गेला. आजाऱ्यांना रानात टाकलं जात होतं. देवीच्या रोग्याला आपल्याकडे केळीच्या पानावर निजवत, कारण कापड फोडांना चिकटतं आणि उचलताना कातडी निघते. घशात फोड, म्हणून पातळ पेजच, तीही घोट घोट. अंग पुसायचं, पान बदलायचं, मेलेल्याला पुरायचं. वाझ आणि त्यांच्या नात्यातले पाद्री जोसेफ कार्व्हाल्यो हे काम साथ ओसरेपर्यंत करत राहिले.

(दृश्य: पुन्हा टेकडी. वारा.)

गोव्याच्या या टेकडीवरून पुढची जवळपास दीडशे वर्षं पाद्री तिकडे जात राहिले. दिवाडीचे जाकोम गोंसाल्विस त्यातलेच. त्यांनी सिंहली आणि तमिळमध्ये लिहिलं. एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालनं धर्मसंघ बंद केले आणि हे घरही गेलं.

(दृश्य: सांकवाळ. भिंतीवर संध्याकाळचं ऊन.)

जोसेफ वाझ १६ जानेवारी १७११ रोजी कांडीत वारले. चोवीस वर्षांत ते एकदाही गोव्याला परतले नव्हते. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून घोषित केलं. कांडीतली त्यांची कबर नेमकी कुठे आहे, ते आज कोणालाही दाखवता येत नाही.

(निवेदन संपतं. भिंत तशीच, आवाजाशिवाय.)