कपाटात प्रतिविष असताना 'रेफर'

मित्रमैत्रिणींनो, पावसाळ्यातल्या रात्री प्राथमिक आरोग्य केंद्रात साप चावलेला माणूस येतो. कपाटात एएसव्ही म्हणजे सापाच्या विषावरचं प्रतिविष आहे, सलाईन आहे, रिॲक्शन आली तर लागणारं ॲड्रेनॅलीन आहे. फोनवरून एमओ, म्हणजे केंद्राचे वैद्यकीय अधिकारी, सांगतात, "सिस्टर, जिल्ह्याला रेफर करा." समोर नातेवाईक विचारतात, "इथं औषध नाही का?" पेच सुरू होतो तो इथे.

आधी डॉक्टरांची बाजू नीट समजून घेऊ, कारण ती खोटी नाही. एएसव्हीची रिॲक्शन येऊ शकते, केंद्रात व्हेंटिलेटर नसतो, आणि रुग्ण दगावला तर जमाव येतो. शिवाय प्रत्येक दंशाला एएसव्ही लागतही नाही. विषबाधेचं लक्षण नसेल तर ते न देता 24 तास लक्ष ठेवणं हाच योग्य उपचार. पण लक्षणं आहेत, औषध हाताशी आहे आणि पहिला डोस न देताच गाडी दोन तासांच्या वाटेला लावली, तर मी त्याला उपचार नाकारणंच म्हणते. 1996 साली पश्चिम बंगालच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, सरकारी दवाखान्याने वेळेवर उपचार न देणं हा जगण्याच्या हक्काचा भंग आहे.

एएसव्ही स्वतःच्या मनाने सुरू करण्याचा अधिकार नर्सला नाही. पण डॉक्टरांना प्रश्न कसा विचारायचा, हे पूर्णपणे तिच्या हातात असतं. "सर, स्नेकबाइट आहे, काय करू?" असं विचारलं की उत्तर "रेफर" येणारच. त्याऐवजी फोन करण्याआधी तपासणी सुरू करा. 2 मिली रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्या, 20 मिनिटं अजिबात हलवू नका, मग एकदाच तिरकी करून रक्त गोठलंय का ते बघा. नळी प्लास्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तही गोठत नाही आणि निष्कर्ष चुकतो. घोणस आणि फुरसं यांच्या विषात ही चाचणी बोलते. मण्यार आणि नागाच्या बाबतीत मात्र रक्त व्यवस्थित गोठतं, म्हणून पापण्या जड होऊन मिटतायत का बघा, मान उशीवरून उचलता येते का बघा. मण्यारीच्या दंशाची खूण कित्येकदा दिसतही नाही. पहाटे पोटात दुखतंय म्हणून आलेल्या माणसाला रात्री जमिनीवर झोपला होता का, हे विचारा. लक्षणं उघड दिसत असतील तर 20 मिनिटं थांबू नका, लगेच फोन लावा.

मग फोनवर म्हणा, "सर, 20 मिनिटांनी रक्त गोठलेलं नाही, हिरड्यांतून रक्त येतंय. एएसव्हीच्या 10 व्हायल सलाईनमध्ये तासाभरात देऊन, ॲड्रेनॅलीन भरून ठेवून रेफर करू का?" आता "नको" म्हणायचं तर डॉक्टरांना कारण द्यावं लागतं. रिॲक्शनची भीती असेल तर तयारी सांगा: मोठ्यांना 0.5 मिली ॲड्रेनॅलीन मांडीत, स्नायूमध्ये; ड्रिप थांबवायची, रुग्ण सावरला की हळू पुन्हा सुरू करायची. लहान मुलालाही 10 व्हायलच लागतात, कारण साप मूल बघून विष कमी सोडत नाही. होकार मिळाला तर तोंडी आदेश वाचून दाखवा, वेळ लिहा, नंतर सही घ्या.

तरीही नकार आला तर? 108 च्या गाडीत डॉक्टर असतो, त्याच्याशी बोला. तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना कळवा. राग येईल, नोंदीत येऊ देऊ नका: "2.10 ला एमओंना कळवले, एएसव्ही सुरू करण्याबाबत विचारले, रेफरचा आदेश" एवढंच लिहा. पापण्या जड झालेल्या रुग्णाला अंबू बॅगशिवाय (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) गाडीत चढवू नका.

नातेवाईकांना "औषध संपलंय" असं सांगायला कुणी सांगितलं, तर सांगू नका. साठा रजिस्टरमध्ये व्हायल दिसतात, आणि त्या खोट्यावर सही तुमची नसली तरी तोंड तुमचं असतं. "औषध आहे, ते सुरू करायचं की नाही हे डॉक्टर ठरवतात, त्यांनी पुढे पाठवायला सांगितलंय, त्यांच्याशी तुम्हीही बोला," असं म्हणून फोन त्यांच्या हातात द्या. रेफर चिठ्ठीवर दंशाची वेळ, चाचणीचा निकाल, दिलेलं प्रत्येक औषध आणि न दिलेलं एएसव्हीही लिहा. पुढच्या दवाखान्यातल्या सिस्टरला गाडी निघतानाच फोन करा, म्हणजे तिकडे व्हायल आधीच काढून ठेवल्या जातील.