पावती कुणाच्या नावावर?

नमस्कार मंडळी. आज बीडीडी चाळींबद्दल बोलायचंय, पण गणपती, दहीहंडी, शेजारधर्म यावर भरपूर बोलून झालंय, मला एकच विचारायचंय, या चाळींचा मालक कोण? कारण लहानपणापासून आमच्या घरात एक प्रश्न सतत कानावर पडायचा, "पावती कुणाच्या नावावर आहे?" पावती म्हणजे खोलीच्या भाड्याची. मुलगी द्यायची असो, भावाभावांत वाजलेलं असो, नाहीतर कुणी वारलेलं असो, तेराव्याच्या आधी हा प्रश्न निघायचाच.

तर १९२० साल. गव्हर्नर जॉर्ज लॉइड. गिरण्या जोरात आणि कामगाराला पाठ टेकायला जागा नाही, म्हणून सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, तेच आपलं बीडीडी. प्लॅन होता ५० हजार खोल्यांचा. त्यासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसवला, म्हणजे जो कापूस गिरणीत आमच्या आजोबांच्या छातीत जात होता त्याच कापसातून या भिंती उभ्या राहिल्या, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. प्रत्यक्षात झाल्या २०७ चाळी. वरळीला १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर म्हणजे तेव्हाच्या डिलाईल रोडला ३२ आणि शिवडीला १२. तळमजला अधिक तीन, मजल्यावर वीस खोल्या, मध्ये पॅसेज, खोली १६० चौरस फूट, संडास कॉमन.

आता बघा, बांधल्या कामगारासाठी, पण वरळीच्या कितीतरी खोल्या सुरुवातीची वर्षं रिकाम्याच राहिल्या. गिरण्या परळ-लालबागला, वरळी तेव्हा लांब, आणि भाडं परवडेना. १९३० च्या सविनय कायदेभंगात तर सरकारने वरळीच्या चाळींचाच तात्पुरता तुरुंग केला आणि सत्याग्रहींना तिथे कोंडलं! ज्या खोलीत पुढे माणसांनी संसार मांडले तिथे आधी कैदी होते.

मग भरल्या कशा? गावाने भरल्या. कोकणातून, घाटावरून एक माणूस यायचा, खोली घ्यायचा आणि मागून भाऊ, भाचे, गावकीतली पोरं. पावती एकाच्या नावावर आणि झोपणारे दहा-बारा. एक पाळी कामावर गेली की दुसरी त्याच चटईवर आडवी. माझी आजी खाणावळ चालवायची. भिंतीला खिळे, खिळ्यांना डबे आणि थैल्या, प्रत्येकाची पत्र्याची ट्रंक फळीवर, आणि कुठली ट्रंक कुणाची हे तिला अंधारातसुद्धा हात लावून कळायचं. पंधरा-वीस माणसं तिच्या हातचं जेवायची, पण पावती आजोबांच्या नावावर. भाड्याच्या पैशात तिच्या खाणावळीचे पैसे असायचे, हे त्या कागदावर कुठे लिहिणार?

मालक सरकार, तेही बदलत गेलं. आधी बीडीडी, ते खातं बंद झालं, मग सार्वजनिक बांधकाम विभाग. शिवडीच्या चाळींची जमीन केंद्र सरकारच्या पोर्ट ट्रस्टची, म्हणून चाळी पाडून नव्या इमारती बांधायच्या पुनर्विकासात त्या मागेच राहिल्या, आणि याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण माणसं तीच, चाळी त्याच, फक्त खालची जमीन दुसऱ्याची. चाळींतल्या पोलिसांच्या घरांचं अजून वेगळं. खोली ड्युटीमुळे मिळालेली, रिटायर झालं की सोडायची. पोरं तिथेच वाढली, शाळा तिथलीच, आणि हक्काचा कागद काहीच नाही. पुढे बरीच वर्षं झगडून बांधकाम खर्चात घर द्यायचं ठरलं.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाख कामगार. गिरणी गेली, पगार गेला, काहींनी दागिने विकले, काहींनी मुलं गावाला पाठवली, पण खोली सोडली नाही. नोकरी गेल्यावर मुंबईत आपलं म्हणावं असं तेवढंच उरलं होतं, तेही भाड्याचं.

काका वारले तेव्हा पावती काकूच्या नावावर करायला आम्ही दीड वर्ष खेटे घातले. दर वेळी एक कागद कमी. शेवटी झालं. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीत पहिल्या ५५६ जणांना नव्या इमारतींतल्या घरांच्या चाव्या मिळाल्या, ५०० चौरस फुटांची घरं, स्वतःच्या मालकीची, त्यात आमची काकू होती. लिफ्टने वर गेली, सगळ्या खोल्यांतून फिरली, नळ सोडून बघितला, आणि मग पिशवीतून बिस्किटाचा जुना डबा काढून ओट्यावर ठेवला. त्यात सगळ्या पावत्या. सगळ्यात खाली आजोबांच्या नावाची, घडीवर फाटलेली. मी म्हटलं, काकू आता या लागणार नाहीत. ती म्हणाली, "असू दे रे, आजीचे पैसे आहेत त्यात."