कामटीचं विमान

(दृश्य: सातपूर. घराची गॅलरी, सकाळचं ऊन. कोयत्याखाली उकलणारा बांबू.)

बांबू फोडताना काका जोर लावत नाहीत. पातं टोकाला टेकवायचं, एक हलकी ठोक द्यायची. पुढे बांबू आपल्या शिरेनं उकलत जातो. पेर आलं की जरासा अडतो.

काका मूळचे येवल्याचे. तिथे भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस गच्च्यांवर आसाऱ्या, म्हणजे मांजाच्या फिरक्या, फिरतात. पतंगाच्या कामट्या तासून तासून त्यांचा हात बसलाय. या कामट्या मात्र पतंगासाठी नाहीत. पुतणीच्या ग्लायडरसाठी, म्हणजे बिनइंजिनाच्या विमानासाठी आहेत.

(दृश्य: थ्रीडी प्रिंटर, अगदी जवळून.)

पुतणी मेकॅनिकल डिप्लोमाला आहे. तिचा प्रिंटर साधारण २०० अंशांवर प्लास्टिकची तार वितळवतो आणि ०.२ मिलिमीटरचा एकेक थर चढवतो. सहा थर झाले की पंखाची एक फासळी तयार. वरून फुगीर, खालून सपाट, १२ सेंटिमीटर लांब, वजन वाचावं म्हणून मधे भोकं पाडलेली. अशा नऊ, सगळ्या एका मापाच्या. हातानं कापून इतक्या सारख्या निघाल्या नसत्या, हे काकाही कबूल करतात.

सगळे भाग तयार असलेला खोका बाजारात मिळतो. तो आम्ही कॅमेऱ्यासमोर आणला नाही.

(दृश्य: दोन तुकडे झालेला जोड, तळहातावर.)

पंखाचे दोन अर्धे मधे एका जोडात बसतात, दोन्ही टोकं ५ सेंटिमीटर वर उचललेली. उडताना एक बाजू झुकली की विमान त्या अंगाला घसरतं, खालच्या पंखाला जास्त उचल मिळते आणि ते सावरतं. सगळा ताण या जोडावर. पहिला जोड नुसता वाकवून पाहतानाच मोडला.

काकांनी तुकडा उजेडात धरला. म्हणाले, "अगं, हा मोडला नाही, शिरेत फाटलाय."

बरोबर होतं. तिनं जोड उभा छापला होता. थरावर थर बसलेले, आणि दोन थरांमधली पकड कच्ची. बांबू जसा शिरेच्या बाजूनं उकलतो, तसंच. प्रिंटर काकांनी याआधी कधी पाहिला नव्हता. मग जोड आडवा झोपवून छापला. हे पाहा, आता दोन्ही हातांनी वाकवतेय.

फसलेले भाग डब्यात साठलेत. हे प्लास्टिक मक्यासारख्या पिकांपासून करतात, पण परसातल्या मातीत ते सहजी कुजत नाही.

(दृश्य: खळ, ब्रश, गुलाबी पतंगी कागद.)

फासळ्यांमधून कामट्या ओवल्या, वर पतंगी कागद. चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ, घरच्याच गॅसवर शिजवलेली. वाळल्यावर पाण्याचा बारीक फवारा. कागद सुकताना आक्रसतो आणि सुरकुत्या जातात. इथेच घोटाळा झाला: पंख मोकळाच वाळत ठेवला, आणि तो पिळवटला. दुसऱ्या खेपेला चारी कोपऱ्यांवर जुन्या दिवाळी अंकांचे गठ्ठे. (ते अंक काकूंचे, विचारून घेतलेले नाहीत.)

काठीवर पतंग बसवून मागे शेपूट लावायची कल्पना जुनीच आहे. इंग्लंडमध्ये जॉर्ज केली यांनी १८०४ साली असंच केलं होतं. तोल साधायला पुढे मागे सरकवता येणारं वजनही होतं.

(दृश्य: गंगापूर धरणाच्या वाटेवरचं माळरान. थंडी. काकांची कानटोपी.)

वजन ६५ ग्रॅम. तोल पंखाच्या पुढच्या कडेपासून ४ सेंटिमीटरवर हवा. दोन बोटांवर विमान तोललं, शेपूट खाली गेलं. पुतणी म्हणाली, "काका, चालेल हो." काका काही बोलले नाहीत.

चाललं नाही. नाक वर झालं, वेग संपला, आणि गोता.

(दृश्य: नाकात दाबला जाणारा शाडूचा गोळा.)

बोराएवढा शाडू. मग अजून अर्ध्या बोराएवढा. मागे ऐकू येतोय तो आवाज वाऱ्याचा नाही, ओझरकडचा आहे. तिथला विमान कारखाना १९६४ पासूनचा; आधी मिग, पुढे सुखोई. आवाज कापता आला असता, राहू दिला.

फेकायचं नाही. खांद्याच्या उंचीवरून समोर, सरळ सोडायचं.

(दृश्य: सलग १४ सेकंद. निवेदन नाही.)

काकांनी पावलं मोजली, २६. पुतणीनं पुन्हा मोजली, २३. काका म्हणाले, "तुझी टांग लांब."