रीफवर शार्क समोर आला, तर पायांचे काय करायचे?

नमस्कार. मालदीवच्या वावू अटॉलमधला, म्हणजे कड्यासारख्या प्रवाळबेटांच्या समूहातला, माझा स्नॉर्केलिंगचा (मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर तरंगत खाली पाहण्याचा) व्हिडिओ तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला, आणि त्याखालच्या प्रतिक्रिया वाचताना माझ्या लक्षात आले की वीस मिनिटांच्या त्या चित्रणातल्या फक्त अकरा सेकंदांबद्दल बहुतेकांनी लिहिले आहे. त्या अकरा सेकंदांत काळ्या टोकाच्या पंखांचा एक शार्क डावीकडून येतो, आमच्यासमोर वळतो आणि उजवीकडच्या निळ्या पाण्यात दिसेनासा होतो. "ताई, तुम्ही पळाला का नाहीत?" हा प्रश्न इतक्या जणांनी विचारला आहे की एकेकाला दोन ओळींचे उत्तर देण्यापेक्षा स्वतंत्र व्हिडिओ करणेच मला योग्य वाटले.

साहित्याबद्दल मी थोडक्यात सांगते. मास्कचा पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवून नाकाने श्वास आत ओढा. हात सोडल्यावरही तो चिकटून राहिला, तर तो तुमच्या मापाचा आहे. केस रबरी कडेखाली अडकू देऊ नका. नळीत पाणी शिरले, तर जोरात फुंकर मारून ते बाहेर फेका. एकट्याने उतरू नका, पोहता येत नसेल तर लाइफ जॅकेट काढू नका, आणि प्रवाह कोणत्या दिशेने आहे हे स्थानिक माणसाला विचारल्याशिवाय पाण्यात शिरू नका. एवढे तुम्हाला बोटीवर कोणीही सांगेल. जे घाईघाईत सांगितले जाते आणि म्हणून हमखास विसरले जाते, ते एकच आहे: शार्क दिसला की पाय थांबवा.

मी हे स्वतःच्या चुकीतून शिकले आहे. 2015 च्या डिसेंबरमध्ये मी पहिल्यांदा मालदीवला गेले होते. तिथल्या बेटाभोवती आधी कमरेएवढ्या पाण्याचे उथळ लगून असते, मग प्रवाळाचा पट्टा, म्हणजे रीफ, लागतो आणि त्याच्या कडेला समुद्रतळ एकदम खोल निळाईत उतरतो. त्या कडेवर तरंगत असताना खालून एक शार्क वर आला. मी काहीही विचार न करता मागे वळले आणि जीव खाऊन पाय मारू लागले. चार-पाच फटक्यांतच नळीत पाणी गेले, ते मी गिळले, ठसका लागला, आणि उभे राहायचा प्रयत्न करताना उजवा गुडघा प्रवाळावर घासला गेला. पायातल्या फिनखाली, म्हणजे पोहण्याच्या रबरी पंखाखाली, काहीतरी मोडल्याचा आवाज मला पाण्यातही स्पष्ट ऐकू आला. वाळलेली काटकी मोडावी, तसा तो आवाज होता. सोबतच्या मालदीवी मुलाने माझे मनगट धरले आणि "मियारु" एवढाच शब्द उच्चारून दूरच्या पाण्याकडे बोट दाखवले. धिवेही भाषेत शार्कला मियारु म्हणतात. शार्क केव्हाच निघून गेला होता. मग त्या मुलाने माझ्या पायांकडे बोट केले आणि तळहात हळूच खाली दाबून दाखवला. पाय शांत ठेव, असे तो सांगत होता.

आता हे शार्कच्या बाजूने पाहू. पाण्यातला आवाज त्याला आपल्यापेक्षा फार वेगळा कळतो. खालच्या पट्टीतले, तुटक आणि अनियमित आवाज त्याला विशेष ओढून घेतात, हे डोनाल्ड नेल्सन आणि सॅम्युएल ग्रुबर यांनी 1963 साली समुद्रात तसे आवाज वाजवून दाखवून दिले. जखमी माशाची धडपड अशीच तुटक असते, आणि घाबरलेल्या माणसाच्या पायांची धडपडही अशीच असते. शिवाय शार्कच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना पाण्याची हालचाल टिपणारी पार्श्वरेखा असते आणि नाकाडावर जेलीने भरलेली सूक्ष्म छिद्रे असतात, ज्यांच्यामुळे अगदी जवळच्या अंतरावर सजीवांचे क्षीण विद्युतक्षेत्रही त्याला जाणवते. म्हणजे तुम्ही कुठे आहात, हे तुम्ही त्याला पाहण्याच्या आधीच त्याला माहीत असते. त्याच्यापासून लपायचा प्रयत्न व्यर्थ आहे, पण आपण जखमी मासा नाही हे त्याला सांगणे मात्र आपल्या हातात, किंबहुना पायांत आहे.

लगूनमध्ये आणि रीफच्या कडेला आपल्याला बहुधा भेटतो तो हाच काळ्या टोकांचा रीफ शार्क. पूर्ण वाढलेला शार्क साधारण दीड मीटर लांबीचा असतो. त्याच्या पिलांना मोठ्या शार्कपासून आसरा हवा असतो, म्हणून ती घोटाभर पाण्यातही फिरतात आणि चहा पिताना धक्क्यावरून सहज दिसतात. जवळून पाहिले, तर पाठीवरच्या पंखाचे काळे टोक शाईत बुडवल्यासारखे असते आणि त्याच्या खाली एक स्वच्छ पांढरी पट्टी असते. डोळा लांबट, आणि त्यातली बाहुली मांजराच्या बाहुलीसारखी उभी, चिंचोळी. हा लाजाळू मासा आहे. तुम्ही स्थिर राहिलात तर तो एक वळण घेऊन जातो, आणि तुम्ही त्याच्या मागे लागलात तर तो परत दिसत नाही.

एका दर्शकांनी लिहिले आहे की त्यांनी लक्षद्वीपमध्ये पाहिलेला शार्क नक्की आठ फुटी होता आणि गाइड उगाच सहा फूट म्हणत होता. मला दोघांचेही म्हणणे समजते. मास्कच्या सपाट काचेतून बाहेरच्या पाण्यात पाहताना प्रकाशाचे वक्रीभवन होते आणि वस्तू सुमारे एक तृतीयांश मोठी व खऱ्या अंतराच्या तीन चतुर्थांश अंतरावर असल्यासारखी वाटते. सहा फुटांचा शार्क आठ फुटांचा दिसणारच, आणि चार मीटरवरचा तीन मीटरवर आल्यासारखा वाटणारच. हा हिशेब पाण्यात शिरण्याआधी मनाशी पक्का करून ठेवा, कारण पाय सुटतात ते शार्कमुळे नव्हे, तर त्याच्या त्या वाढलेल्या आकारामुळे.

दुसरी बाजू आपल्या श्वासाची आहे आणि खरा धोका माझ्या मते इथेच आहे. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संग्रहालयात शार्कच्या हल्ल्यांची जागतिक नोंद ठेवली जाते. माणसाने कोणतीही छेड न काढता झालेल्या चाव्यांची त्यातली संख्या जगभर मिळून 2023 साली 69 आणि 2024 साली 47 होती, आणि त्यांत लाटांवर स्वार होणाऱ्या सर्फर लोकांचा वाटा मोठा असतो. बुडून होणारे मृत्यू या आकड्यांच्या शेजारी मांडायचे म्हटले, तर तुलनाच होऊ शकत नाही. नळीतून श्वास घेताना दम लागला की माणूस उथळ आणि भराभर श्वास घेतो, नळीतली वापरलेली हवाच पुन्हा आत ओढतो, आणखी घाबरतो आणि आणखी जोरात पाय मारतो. जोरात पाय मारल्याने शरीर उभे होते, नळीचे टोक पाण्याखाली जाते, आणि मग माझे 2015 मध्ये झाले तेच होते. त्या दिवशी मला इजा करण्याच्या जवळपास जर कोणी आले असेल, तर ते माझेच दोन पाय होते. पन्नाशी ओलांडलेल्यांनी, रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी तर हे दोनदा ऐकावे: तुमच्यासाठी शार्कपेक्षा ती दोन मिनिटांची धावपळ अधिक जोखमीची आहे. आधी डॉक्टरांशी बोला, आणि दम लागला तर लगेच पाठीवर वळून तोंडातली नळी काढा.

अनेक मैत्रिणींनी पाळीबद्दल विचारले आहे आणि तो प्रश्न खाजगी संदेशात, संकोचाने विचारला आहे. संकोच करण्याचे कारण नाही. पाळीच्या दिवसांत पाण्यात उतरल्यामुळे शार्क चावतात, याला कोणताही आधार सापडलेला नाही. सहलीचे चार दिवस केवळ या भीतीने किनाऱ्यावर बसून घालवू नका.

कोकणातल्या दर्शकांनी "ही तर आमची मोरी" असे लिहिले आहे, आणि ते बरोबर आहे. मोरी किंवा मुशी म्हणून बाजारात येतो तो लहान शार्कच असतो. मी रत्नागिरीची आहे, मोरीचे सागोतीसारखे कालवण आमच्या घरी लहानपणी होत असे, त्यामुळे मी कोणाला उपदेश करणार नाही. एवढेच सांगते की शार्क उशिरा वयात येतो आणि त्याला पिले मोजकी होतात, म्हणून बाजारातली संख्या समुद्र सहजी भरून काढत नाही. मालदीवने याचा हिशेब फार पूर्वी मांडला. 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार एक करडा रीफ शार्क मच्छीमाराला एकदाच सुमारे 32 डॉलर मिळवून देत होता, आणि तोच जिवंत राहिला तर पर्यटनातून वर्षाला सुमारे 3,300 डॉलर. 2010 साली त्या देशाने शार्कची मासेमारी पूर्ण बंद केली. आज आपल्याला लगूनमध्ये जी पिले दिसतात, त्यात या निर्णयाचाही वाटा आहे.

आता मला खरोखर राग येतो त्या गोष्टीकडे येते. गेल्या वर्षी एका बोटीवर, जिचे नाव मी घेणार नाही, चालकाने ट्यूनाची डोकी पाण्यात फेकायला सुरुवात केली आणि आमच्यातल्या लहान मुलांना "लवकर उड्या मारा" असे सांगितले. खाली नर्स शार्क जमले. हा तळाशी राहणारा, शांत स्वभावाचा शार्क आहे, पण तो अन्न ओढून गिळतो आणि त्याच्या जबड्यात चांगली ताकद असते. आमिष टाकले की शार्क माणसाच्या हाताचा संबंध अन्नाशी जोडायला शिकतो. मी ज्या नियमाबद्दल आज बोलते आहे, तो न बोलावता आलेल्या शार्कसाठी आहे. बोलावून आणलेल्या शार्कसमोर नुसते पाय थांबवून भागत नाही. अशा बोटीवर तुम्ही असाल, तर पाण्यात उतरू नका आणि मुलांना उतरू देऊ नका, पैसे गेले तरी चालतील. मासे साफ करण्याच्या धक्क्याजवळ न उतरण्याचे कारणही हेच आहे, आणि गढूळ पाण्यात व तिन्हीसांजेलाही उतरू नका.

कॅमेरा घेऊन शार्कचा पाठलाग करणाऱ्यांनाही माझी कळकळीची विनंती आहे. रिचर्ड जॉन्सन आणि डोनाल्ड नेल्सन यांनी मार्शल बेटांतल्या एनिवेटक इथे करड्या रीफ शार्कचा अभ्यास करून 1973 साली त्याच्या इशाऱ्याचे वर्णन केले. पाणबुड्या अंगावर चालून आला की हा शार्क पाठीला कुबड आणतो, छातीचे पंख खाली ताणतो, नाकाड वर करतो आणि अंग नागमोडी हलवत अवघडून पोहू लागतो. पळायची वाट जितकी अडवाल, तितका इशारा तीव्र होतो. हे दिसले, तर त्याच्यावरची नजर न काढता, त्याला मोकळी वाट ठेवून, हळूहळू मागे सरका. टायगर किंवा बुल शार्कसारखा मोठा शार्क दिसला, तर थांबून पाहत बसू नका, पाण्याबाहेर या. पण तेव्हाही पाण्यावर फटके मारू नका.

तिसरी बाजू आपल्या पायांखाली असलेल्या प्रवाळाची आहे, आणि माझ्या मनाला तीच सर्वांत जास्त लागते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे, हजारो इवल्या जिवांची ती वसाहत आहे. घुमटासारखे वाढणारे प्रवाळ वर्षाला जेमतेम एक सेंटीमीटर वाढते. परातीएवढा घुमट व्हायला पंधरा-वीस वर्षे लागतात आणि तो खरवडायला फिनचा एक फटका पुरतो. मी जी फांदी मोडली, तिच्यासारखी फांदीदार प्रवाळे पुढच्याच वर्षी, 2016 च्या उष्णतेत, मालदीवमध्ये मोठ्या प्रमाणावर पांढरी पडून मेली. 2024 मध्ये जगभरातल्या प्रवाळांवर पुन्हा तीच वेळ आली. इतके सोसून जे उरले आहे, ते आपल्या घाबरलेल्या पायाने मोडू नये. माझा गुडघा गोड्या पाण्याने धुऊन, आतले कण काढूनही बरा व्हायला तीन आठवडे लागले. ती फांदी मात्र पुन्हा जुळली नाही.

पाय थांबवायचे म्हणजे नेमके काय करायचे, हे आता सांगते. शार्क दिसला की पोटावरच तरंगत राहा, हात छातीशी घ्या, फिन्स पृष्ठभागालगत आडव्या ठेवा आणि फक्त मान वळवून त्याला पाहा. लांब श्वास आत, त्याहून लांब श्वास बाहेर. जोडीदार शेजारी असेल तर त्याच्या दंडाला हात लावा. शार्क गेला की मगच, मांडीपासून सावकाश फिन मारत, उथळ पाण्याकडे वळा. खाली प्रवाळ असेल तर उभे राहू नका, पांढरी वाळू येईपर्यंत तरंगत जा.

याचा सराव पोहण्याच्या तलावात करता येतो. माझी मावशी एकसष्ट वर्षांची आहे. मालदीवला निघण्यापूर्वी महिनाभर ती ठाण्याच्या तलावात मास्क लावून उतरत होती, आणि मी "शार्क" म्हटले की पाय थांबवून, मनात वीसपर्यंत मोजत तरंगत होती. त्या अकरा सेकंदांच्या चित्रणात डावीकडे जी पिवळी नळी दिसते, ती तिची आहे. नंतर धक्क्यावर बसून टॉवेलने केस पुसताना तिने मला सांगितले की शार्क चौदाव्या आकड्यालाच गेला होता, पण तिने वीस पूर्ण केले.