पिंपळगाव ते रॉटरडॅम, व्हाया न्हावा शेवा

(बाग, सकाळ)
पिंपळगाव बसवंतजवळची ही द्राक्षबाग. फेब्रुवारी चालू आहे, तोडणीची माणसं येऊन तासभर झाला पण दव सुकल्याशिवाय घडाला हात लावायचा नाही, म्हणून सगळे बांधावर चहा घेत बसलेत. द्राक्षं सांगली-सोलापूरलाही होतात, मग एक्सपोर्ट म्हटलं की आधी नाशिकच का? कोरडी थंडी आहे, आणि मुंबई-आग्रा हायवे बागांना खेटून जातो. मुंबईजवळचं न्हावा शेवा बंदर इथून २०० किलोमीटरच्या आसपास. १९८९ ला ते बंदर सुरू झालं, मग एकाला लागून एक पॅकहाऊस, कोल्ड स्टोरेज, बॉक्सवाले, औषधवाले असं सगळं इथंच जमत गेलं. आर्थिक भूगोल म्हणतात तो हाच.

(पॅकहाऊस)
आता या ताईंचे हात बघा. घड देठालाच धरतात, मण्यावरचा मेणासारखा पांढुरका थर पुसला तर माल जुना दिसतो. कात्रीच्या टोकानं खराब मणी अलगद काढायचा, शेजारच्याला धक्का नाही. बारीक मण्याचा घड बाजूला, तो लोकल बाजाराला. ५०० ग्रॅमचा एक पनेट, म्हणजे प्लास्टिकचा छोटा डबा, १० पनेट म्हणजे ५ किलोचं बॉक्स, वर बुरशीसाठी सल्फरचा पॅड. बॉक्सवरच्या नंबरावरून थेट बागेपर्यंत मागे जाता येतं. २०१० ला क्लोरमेक्वाट या वेलीची वाढ रोखणाऱ्या औषधाचा अंश सापडला म्हणून युरोपात आपला माल अडकला होता, ते इथं कुणी विसरलेलं नाही. मग प्रीकूलिंग, म्हणजे माल आधीच थंड करून घ्यायचा, सहा-आठ तास, आणि रात्री कंटेनर भरतो. शून्य अंशाच्या आसपास, नेदरलँड्सच्या रॉटरडॅम बंदरापर्यंत तसंच.

(नकाशा)
तिकडे युरोपात याच दिवसांत चिली, पेरू, दक्षिण आफ्रिकेचा मालही उतरतो. म्हणजे नाशिकच्या शेतकऱ्याची स्पर्धा निफाडच्या पाहुण्याशी नाही, केपटाऊनजवळच्या बागवाल्याशी आहे. आणि अंतर इथं किलोमीटरमध्ये कोण मोजतो, दिवसात मोजतात! सुएझ कालव्यातून गेलं तर ठीक, पण २०२३ च्या शेवटी त्याच वाटेवरच्या लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि बोटी आफ्रिकेला वळसा घालून जायला लागल्या, १०-१५ दिवस जास्त. भाडं वाढलं, त्याचा भार फिरून बागेवरच.

(बाग, एप्रिल)
हीच बाग, दोन महिन्यांनी. खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतरची मोठी छाटणी, झालीय, वेलीवर पान नाही. काडी गोळा करणाऱ्या बायका त्याच, पॅकहाऊसमधल्या.