मुळाशी आधी कोण पोचतं?

नमस्कार, श्रोतेहो.

वांग्याचं किंवा टोमॅटोचं झाड पाणी असूनही भर उन्हात माना टाकतं, तेव्हा ते उपटून मुळं पाहावीत. मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर ते काम सूत्रकृमींचं, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींचं. जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचं पिल्लू मुळाच्या टोकामागच्या कोवळ्या भागातून आत शिरतं, तिथल्या काही पेशी फुगवतं आणि त्यांचं स्वतःसाठी कोठार करून टाकतं. पानांनी कमावलेलं अन्न मग त्या कोठारात उतरत राहतं.

अशा वेळी आपण औषध शोधू लागतो. मला आज बोलायचं आहे ते त्याच्या कितीतरी आधी मुळाशी पोचायला हवा अशा एका सोबत्याविषयी. हा सोबती म्हणजे बुरशी. भुरी आणि मर रोगामुळे हा शब्दच बदनाम झाला आहे, पण मुळांत राहणाऱ्या या बुरशीचं नातं वेगळं आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांनी 1885 मध्ये त्या नात्याला मायकोरायझा हे नाव दिलं. ग्रीक भाषेतले बुरशी आणि मूळ हे दोन शब्द त्यात जोडले आहेत. नातं मात्र फार जुनं. स्कॉटलंडमधल्या रायनी इथे सुमारे 40 कोटी वर्षांपूर्वीचे वनस्पतींचे जीवाश्म सापडले. त्यांतल्या काहींना खरी मुळंही फुटलेली नव्हती, आणि तरी त्यांच्या पेशींत अशाच बुरशीचे तंतू आहेत!

स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, जमिनीत जागचा फारसा हलत नाही. मुळाजवळचा संपला की मूळ उपाशी राहतं. बुरशीचे तंतू केसाहून बारीक. मूळ शिरू शकत नाही अशा फटींतून ते लांबचा स्फुरद आणतात आणि बदल्यात झाडाकडून साखर आणि स्निग्ध पदार्थ घेतात.

आता सूत्रकृमींकडे येऊ. बुरशी मुळात वसली की त्यांना जागा आणि अन्न दोन्ही कमी पडतं. मुळांतून मातीत पाझरणारा रसही बदलतो. पण मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते पुढचं. बुरशी पहिल्यांदा आत येते तेव्हा झाड तिच्यावरही संशय घेतं, आपलं संरक्षण थोडं जागं करतं. ओळख पटली की ते शांत होतं, तरी सावधपणा उरतो. नंतर खरा शत्रू आला की झाड लवकर आणि जोरात उत्तर देतं. केळी आणि टोमॅटोवर याचे सुंदर प्रयोग झाले आहेत. एकाच झाडाची मुळं दोन भागांत विभागली, एका भागात बुरशी सोडली, दुसऱ्या भागात सूत्रकृमी. दोघांची गाठ कधी पडलीच नाही, तरी सूत्रकृमींचा उपद्रव कमी झाला. म्हणजे सूत्रकृमींना अडवलं ते झाडानेच.

हे सगळीकडे सारखं घडत नाही, हेही सांगायलाच हवं. मोहरी, कोबी, फ्लॉवर, पालक, बीट यांच्या मुळांशी ही बुरशी नातं जोडत नाही. मुळं कुरतडणाऱ्या अळ्यांच्या बाबतीत कधी फायदा दिसतो, कधी नाही. आणि सूत्रकृमी पूर्ण नाहीसे होतात असं तर कधीच नाही. त्यामुळे पिकांची फेरपालट, निरोगी रोपं ही कामं सुटत नाहीत.

जे खरोखर आपल्या हातात आहे, ते म्हणजे वेळ. गाठी आल्यावर मायकोरायझा, म्हणजे ही बुरशी असलेलं मिश्रण, घातलं तर त्याच्याकडून फारशी आशा ठेवू नका, कारण त्याला मुळात पसरायला काही आठवडे लागतात. ते रोपवाटिकेतच द्यावं, बियाण्याच्या अगदी खाली किंवा मुळांना लागेल असं. वर भुरभुरून उपयोग नाही. स्फुरदाचं खत माती तपासूनच द्या. ते भरपूर मिळालं की झाड बुरशीला आत घेईनासं होतं. वारंवार खोल नांगरट केली की तंतूंचं जाळं तुटतं. आणि या बुरशीला जिवंत मुळाशिवाय वाढता येत नाही. दोन पिकांमध्ये जमीन फार काळ मोकळी राहणार असेल, तर मधल्या काळात या बुरशीशी नातं जोडणारं आणि सूत्रकृमींना न पोसणारं एखादं पीक जरूर घ्या.

ही बुरशी मुळात बसली की नाही, ते नुसत्या डोळ्यांनी कळत नाही. प्रयोगशाळेत मुळं अल्कलीत उकळून शाई आणि व्हिनेगरमध्ये रंगवतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली काही पेशींत निळं, फांद्या फुटलेलं एकेक इवलंसं झाड दिसतं. ते काही दिवसच टिकतं, आणि शेजारच्या पेशीत दुसरं फुटू लागतं.

नमस्कार.