समोरच्याला पुढचं वाक्य द्या

मित्रहो,

आमच्या गावी सुगी संपली की बहुरूपी यायचा. मी तेव्हा चौथी-पाचवीत असेन. खाकी कपडे, पायांत बूट, हातात काठी आणि काखेत एक जाडजूड वही. दारात उभा राहून तो वही उघडायचा आणि माझ्या आजीवरचे गुन्हे वाचून दाखवायचा. तुमच्या कोंबडीने सरकारी दाणे खाल्ले, तुमच्या मांजरीने पाटलाच्या दुधावर दरोडा घातला, चला ठाण्यावर. आम्ही पोरं खिदळायचो. आजी मात्र हसायची नाही. पदर खोचून पुढे यायची आणि म्हणायची, "साहेब, कोंबडी माझी नाहीच, शेजारणीची आहे. आधी तिची जबानी घ्या." बहुरूपी क्षणभर थांबायचा, वहीचं पान उलटायचा आणि मग त्याला असा रंग चढायचा की अर्धं गाव आमच्या अंगणात गोळा व्हायचं. शेवटी आजी सूपभर ज्वारी आणून त्याच्या झोळीत घालायची.

ऑनलाइन गेममध्ये रोलप्ले, म्हणजे एखादं पात्र घेऊन त्याच्यासारखं बोलणं-वागणं, करायला लागून मला आता सात वर्षं झाली. या सात वर्षांत जे शिकलो ते सगळं त्या अंगणात होतं, हे मला फार उशिरा कळलं. बहुरूप्याचं सोंग उत्तम होतंच. पण खटला उभा राहिला तो आजीमुळे. तिने त्याला पुढचं वाक्य दिलं.

आज मी जे बोलणार आहे ते मुख्यतः जीटीए फाइव्ह या गुन्हेगारीच्या गेमच्या रोलप्ले सर्व्हरवरच्या अनुभवातून, कारण मला नीट माहीत असलेलं शहर तेच, त्या गेममधलं लॉस सँटोस. पण या खेळाचं मूळ त्याहून बरंच जुनं आहे. 1978 साली इंग्लंडमधल्या एसेक्स विद्यापीठात रॉय ट्रबशॉ आणि रिचर्ड बार्टल या दोन विद्यार्थ्यांनी मड नावाचा गेम बनवायला घेतला. त्यात चित्र एकही नव्हतं. पडद्यावर शब्द यायचे, तुम्ही शब्द टाइप करायचे आणि त्याच जगात त्याच वेळी दुसरी माणसं असायची. आपण तिथे कोण आहोत, हे आपल्या बोलण्यातूनच ठरायचं. आज आपल्याकडे गाडीच्या काचेवरचे पावसाचे थेंबसुद्धा दिसतात. तरीही आपण कोण आहोत हे ठरतं बोलण्यातूनच.

जीटीए फाइव्ह आला 2013 मध्ये, पीसीवर 2015 मध्ये. त्याच सुमारास फाइव्हएम हे मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेमला जोडलेली भर, आलं आणि लोकांना स्वतःचे सर्व्हर उभे करता येऊ लागले. सुरुवातीला जीटीए बनवणाऱ्या रॉकस्टार कंपनीने हे मॉड बनवणाऱ्यांची खाती बंद केली होती. 2023 च्या ऑगस्टमध्ये त्याच कंपनीने ती टीम आपल्यात सामील करून घेतली. आठ वर्षांत हे वळण आलं ते खेळणाऱ्यांमुळे. गेम बनवणाऱ्यांनी दरोड्यांचं शहर बनवलं होतं. लोकांनी तिथे गॅरेज काढली, वकिली केली, अँब्युलन्स चालवली.

आता पात्राकडे येतो. माझं पहिलं पात्र एक गँगस्टर होतं. त्याची पूर्वकथा मी चार पानं लिहिली होती. बापाचा खून, भावाचा विश्वासघात, तुरुंगातली सहा वर्षं, गालावर व्रण. व्हाइटलिस्टच्या, म्हणजे सर्व्हरवर घेण्याआधीच्या, मुलाखतीत ती कथा आवडली, मला सर्व्हरवर प्रवेशही मिळाला. नंतरच्या चार महिन्यांत त्यातलं एक वाक्यसुद्धा कोणाच्या कामी आलं नाही. कारण ते सगळं घडून गेलेलं होतं. समोरच्या माणसाला त्यात हात घालायला जागाच नव्हती. माझ्या मेलेल्या बापाचं त्याने काय करायचं?

दुसरं पात्र मी केलं ते सदा. सदा टोइंगची गाडी चालवतो. त्याच्याविषयी मी तीनच ओळी लिहिल्या होत्या आणि त्यातली एकच महत्त्वाची होती: सदा फ्रीवेवर गाडी घालत नाही. कधीकाळी तिथे काहीतरी झालं होतं. काय झालं ते मीही तेव्हा ठरवलं नव्हतं. ज्यांनी हा नकाशा पाहिलाय त्यांना कळेल याचा अर्थ काय. शहराबाहेरच्या सँडी शोअर्स गावात कोणाची गाडी बंद पडली, तर शहरातून तिथे जायचा सरळ रस्ता म्हणजे फ्रीवे. सदा व्हाइनवुडच्या टेकड्यांमधून, वळणावळणाने जाणार आणि उशिरा पोचणार. म्हणजे प्रत्येक फेरीत गिऱ्हाईक चिडणार. चिडलेला माणूस विचारतो, एवढा वेळ का लागला? झालं, पहिला प्रश्न त्याने विचारला. तिथून पुढे प्रत्येक वेळी वेगळा प्रसंग. कोणी पैसे कापले, कोणी त्याची समजूत काढली, एका वकिलीणबाईंनी मला गाडीत बसवून तासभर विचारलं की नक्की कशाला घाबरता. त्या तासात सदाला काय झालं होतं ते मलाही कळलं.

म्हणून नवीन मुलं मला विचारतात की पात्राची बॅकस्टोरी कशी लिहू, तेव्हा मी त्यांना उलट विचारतो: तुझ्या पात्राला काय जमत नाही? आणि ते न जमणं रस्त्यावर दिसतं का? "तो आतून एकटा आहे" हे दिसत नाही. "तो हिशोबात नेहमी चुकतो आणि मान्य करत नाही" हे पहिल्याच दुकानात दिसतं. पात्राला काही हवं असावं आणि ते स्वतःच्या हाताने मिळवता येऊ नये. ज्याला सगळं येतं, नेमबाजी येते, ड्रायव्हिंग येतं, हॅकिंग येतं, वर कोणाची गरजही नाही, त्याला शहरात दुसऱ्या माणसाशी बोलायचं कारणच उरत नाही.

याच ओघात एक जुना किस्सा आठवतो. 1997 च्या ऑगस्टमध्ये अल्टिमा ऑनलाइन या गेमची चाचणी चालू होती. निर्माते रिचर्ड गॅरियट स्वतः लॉर्ड ब्रिटिश या राजाच्या रूपात प्रजेसमोर आले. त्या पात्राला कोणी इजा करू शकणार नाही अशी सोय होती, पण त्या दिवशी ती चालू करायची राहून गेली. गर्दीतल्या एका खेळाडूने चोरून मिळवलेल्या मंत्राने आग पेटवली आणि राजा सगळ्यांसमोर मेला. त्या चाचणीतलं बाकी काय काय लोकांच्या लक्षात आहे कोण जाणे, पण राजा मेला हे आजही सांगितलं जातं. मरणारच नाही अशा राजाची गोष्ट कोण सांगेल?

आता जरा कारागिरीकडे येऊ. आपल्या सर्व्हरवर चॅटमध्ये टाइप करायच्या दोन कमांड सगळ्यांना माहीत असतात, स्लॅश मी आणि स्लॅश डू. मराठी माणसाला पहिली शिकवावीच लागत नाही. मी, म्हणजे मी काय करतोय ते. पण नेमकी तिथेच चूक होते. समजा, हातघाईचा प्रसंग आहे आणि एकाने लिहिलं: "स्लॅश मी सुरा काढून याच्या मांडीत खुपसतो आणि हा खाली कोसळतो." यातला पहिला अर्धा भाग त्याचा आहे. दुसरा अर्धा माझा होता, तो त्याने घेतला. याला आपण पॉवरगेमिंग म्हणतो, आणि ही मुलं लबाड असतात असं अजिबात नाही. त्यांना फक्त कोणी सांगितलेलं नसतं की क्रियापद कुठे सोडायचं. तेच असं लिहा: "स्लॅश मी सुरा काढून याच्या मांडीवर वार करायला जातो." 'करायला जातो' या दोन शब्दांत दार उघडं राहतं. आता मी मागे सरकू शकतो, मनगट धरू शकतो किंवा वार बसू देऊन ओरडू शकतो. नव्वद टक्के वेळा, अशी जागा मिळाली की समोरचा वार बसूच देतो. हे मी अनेकदा पाहिलंय. हिसकावून घेतलं की माणूस भांडतो, जागा दिली की स्वतःहून देतो.

स्लॅश डू म्हणजे समोर काय आहे ते सांगणं किंवा विचारणं. तिचंही तसंच. "स्लॅश डू: खिशात काही सापडेल का?" असं पोलिसाने विचारलं की खिसा ज्याचा, त्याने खरं उत्तर द्यायचं असतं. पात्र खोटं बोलू शकतं, खेळाडूने खोटं बोलायचं नाही. या एका भेदावर अख्खा सर्व्हर उभा असतो.

भाषेविषयी मला थोडं जास्त बोलायचंय, कारण तिच्याकडे फारसं कोणी लक्ष देत नाही. आपल्याकडचे बरेच सर्व्हर हिंदीत चालतात, पण मराठी मुलं एकत्र आली की मराठीत बोलतातच. अशा वेळी आवाज बदलण्यावर सगळा भर असतो. घोगरा आवाज काढला की झाला डॉन. दोन तासांनी घसा बसतो आणि डॉन मूळ आवाजावर येतो. माझं म्हणणं आहे, आवाजाला हात लावू नका, संबोधनाला लावा. तू, तुम्ही, आपण ही तीन हत्यारं मराठीने आपल्याला फुकट दिली आहेत. आमच्या सर्व्हरवर एक मुलगी पोलीस अधिकाऱ्याचं पात्र करायची. मिशन रोच्या चौकीत ती प्रत्येक आरोपीला 'तुम्ही' म्हणायची. "तुम्ही बसा. तुम्ही पाणी घ्या. तुम्ही त्या वेळी कुठे होता?" वीस मिनिटं हेच. आणि मग फाइल मिटून, आवाज जराही न चढवता, "आता तू मला खरं सांगणार." समोर बसलेला मी घरी, माझ्या खुर्चीत, ताठ झालो होतो. कुठलाही व्हॉइस चेंजर हे करू शकत नाही.

बोलीचा वापर करताना मात्र सांभाळा. मालवणी, वऱ्हाडी, आगरी येत असेल तर जरूर बोला, शहराला चव येते. येत नसेल तर चार शब्द उचलून हशा मिळवायला वापरू नका. ज्याची ती घरची भाषा आहे तो त्याच व्हॉइस चॅनलवर बसलेला असतो.

मेटागेमिंग, म्हणजे खेळाबाहेर कळलेलं पात्राने वापरणं, याबद्दल फार बोलत नाही, नियमावलीत सगळं लिहिलेलं असतं. कोणाच्या स्ट्रीमवर पाहिलेलं, डिस्कॉर्डच्या गप्पांत ऐकलेलं आपल्या पात्राला माहीत नसतं. तुम्ही मेलात आणि हॉस्पिटलमधून परत आलात, की कोणी मारलं ते विसरायचं. बंदूक रोखली गेली की घाबरायचं. एवढंच सांगतो, हे नियम शिक्षा टाळण्यासाठी पाळू नका. न कळण्यात मजा आहे. मित्र आपल्याला फसवतोय हे मला माहीत आहे आणि सदाला माहीत नाही, अशा वेळी सदाला हसत त्याच्या गाडीत बसवणं, याइतकं सुंदर काम या खेळात दुसरं नाही.

एका गोष्टीची मात्र काळजी वाटते म्हणून बोलतो. पात्राचा राग खेळाडूच्या अंगात उतरतो. रोलप्लेवाले त्याला ब्लीड म्हणतात, म्हणजे रंग एका कपड्यावरून दुसऱ्याला लागतो तसं. मलाही लागलाय. एकदा सदाची गाडी जाळली गेली आणि मी रात्री जेवताना घरात कोणाशी बोललो नाही. बायकोने विचारलं काय झालं, तर सांगता येईना. ज्याने गाडी जाळली तो कॉलेजातला मुलगा, त्याने प्रसंग उत्तम केला होता. दुसऱ्या दिवशी मी त्याला मेसेज केला, पात्राबाहेर येऊन, की छान झालं, फक्त मला दोन दिवस दे. त्याचं उत्तर आलं, "दादा, मलाही रात्री झोप नाही लागली." तेव्हापासून आमच्यात एक प्रथा पडली. मोठा प्रसंग झाला की पाच मिनिटं सगळ्यांनी आपापल्या खऱ्या नावाने बोलायचं. चहा घेतला का, उद्या पेपर आहे का, असलंच काहीतरी. हे करा. नवीन मुलांसोबत तर नक्की करा.

शेवटी एक रात्र सांगतो आणि मग तुमचे प्रश्न घेऊ. पहाटेचे दोन वाजले होते, शहरात मोजून पंधरा-वीस माणसं. ड्युटीवर डॉक्टर एकच, तीही हॉस्पिटल सोडू शकत नव्हती. सँडी शोअर्सला ती वकिलीणबाई जखमी पडलेली, आणि जवळ असलेली गाडी एकच, सदाची. टेकड्यांतून गेलो असतो तर ती वाचली नसती. मी गाडी फ्रीवेच्या तोंडाशी नेली आणि थांबलो. काय करायचं हे मी ठरवलं नव्हतं. सदा ब्रेकवरचा पाय काढत नव्हता. तिला त्याची भीती माहीत होती. त्या एका तासात मीच तिला सांगितलं होतं. तिने टाइप केलं, "स्लॅश मी रक्ताने माखलेला हात त्याच्या हातावर ठेवायला जाते." आणि मग माइकवर, तुटक आवाजात, "सदाभाऊ, बाहेर बघू नका. मला तुमच्या गावाबद्दल सांगा."

मी सांगत गेलो. कोंबडी, मांजर, खाकीतला बहुरूपी, पदर खोचून उभी राहिलेली आजी. सदाची आजी आणि माझी आजी एकच झाली त्या रस्त्यावर. पिलबॉक्स हॉस्पिटलच्या दारात डॉक्टर स्ट्रेचर घेऊन उभी होती.

दुसऱ्या दिवशी सँडीहून नेहमीच्या गिऱ्हाइकाचा फोन आला. मी पोचलो तर तो गाडीच्या बॉनेटवर बसून बर्गर खात होता. अर्धाच झाला होता. त्याने घड्याळात पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाला, "सदाभाऊ, आज कुठल्या रस्त्याने आलात?"